पंख, पाना आणि परवाना

भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट आणि विमानाची घरघर हे दोन आवाज एकाच लेखात आणणे कोणास ओढूनताणून केलेले वाटेल. परंतु 1928 साली मुंबईच्या जुहूवर 'बॉम्बे फ्लाइंग क्लब' ही संस्था निघाली तेव्हा तेथील विद्यार्थी ज्या डी हॅविलँड कंपनीच्या 'मॉथ' जातीच्या विमानांतून आकाशात चढत, त्यांचे पंख लाकडी सांगाड्यावर ताणून शिवलेल्या आणि 'डोप' नावाचे द्रव्य फासून ढोलासारख्या ताठ केलेल्या कापडाचेच होते. आकाशात उडणारे ते वस्त्र फाटले तर शिवायचे कसे, टाके किती अंतरावर घालायचे, हे जाणणारा माणूस जमिनीवर हजर असल्याखेरीज वर गेलेल्या माणसाच्या धाडसाला काही अर्थ नव्हता. विमानविद्येच्या महाविद्यालयाचा विचार करताना मला नेहमी प्रथम हा खाली राहिलेला माणूसच आठवतो, आणि भिवंडीच्या वाचकालाही तोच अधिक ओळखीचा वाटेल असे माझे मत आहे.

त्या काळी हिंदुस्थान सरकारने दिल्ली, कराची, कलकत्ता व मुंबई येथील उड्डाणसंस्थांना द्रव्यसाहाय्य देण्याचे धोरण स्वीकारले होते, आणि परवाने देण्याचा अधिकार 'एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा' या संस्थेकडे होता. जुहूवर शिकून 10 फेब्रुवारी 1929 रोजी जहांगीर रतनजी टाटा यांनी जो परवाना मिळविला त्यावर सर व्हिक्टर ससून यांची स्वाक्षरी होती आणि अनुक्रमांक होता एक. या देशात दिलेला तो पहिलाच वैमानिकाचा परवाना. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या हिंदी वैमानिकास आगाखानांनी पाचशे पौंडांचे पारितोषिक लाविले, तेव्हा पुढल्याच वर्षी टाटा कराचीहून पश्चिमेकडे निघाले आणि अस्पी इंजिनीअर हा तरुण इंग्लंडहून पूर्वेकडे. मिसर देशात अबुकीर येथे दोघांची गाठ पडली, तो इंजिनीअर स्पार्क प्लगांच्या अभावी अडकून पडलेला. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यास देऊन टाकले, आणि शर्यत जिंकली ती इंजिनीअरने. पुढे हेच गृहस्थ भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. या प्रसंगातील औदार्याची वाखाणणी पुष्कळांनी केली आहे आणि ती रास्तच आहे. मला मात्र त्यात हेही दिसते की, बोटभर लांबीच्या एका सुट्या भागावाचून उत्तम वैमानिकही वाळवंटाच्या कडेला खोळंबून बसतो.

15 ऑक्टोबर 1932 रोजी टाटांनी 'पस मॉथ' विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून ते जुहूवर उतरविले आणि तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट ते मद्रासकडे घेऊन गेले, हा इतिहास शालेय पुस्तकांतून परिचित आहे. तितके परिचित नाही ते जुहूचे तेव्हाचे रूप: झावळ्यांनी शाकारलेली एक खोपटी हीच कचेरी, आणि पावसाळ्यात मैदानाचा असा चिखल होई की सगळा बाडबिस्तरा आवरून पुण्यास मुक्काम हलवावा लागे. स्वातंत्र्याच्या सुमारास मोठी वाहतूक सांताक्रूझला गेली, तरी जुहूची धावपट्टी आकाशातून इतकी जवळ आणि इतकी सारखी दिसे की 1953 मध्ये ब्रिटिश कंपनीचे 'कॉमेट' आणि 1972 मध्ये जपानी कंपनीचे 'डीसी-8' अशी दोन मोठाली विमाने सांताक्रूझ समजून चुकून तेथेच उतरली. मार्गनिर्देशनाच्या तासाला सांगण्याजोगे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण!

या शेजारामुळेच अखेर नवशिक्यांना जुहूचे आकाश परके झाले. प्रवासी विमानांच्या गर्दीत दोन आसनी विमानाला घिरट्या घालू देणे शक्य राहिले नाही, आणि क्लबाने उड्डाणाचे शिक्षण धुळ्याजवळच्या गोंदूर येथील धावपट्टीवर नेले. खानदेशचे मोकळे आकाश या कामी सोयीचे. त्याच जिल्ह्यात शिरपूरलाही अशी संस्था आहे, आणि बारामती व गोंदियाजवळचे बिरसी येथेही वैमानिक घडविले जातात. मुंबईकडे राहिले ते वर्ग आणि कार्यशाळा.

आता या शाळांत शिकवितात काय ते पाहू. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वय किमान अठरा, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वैद्यकीय तपासणीचा दाखला आणि दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यात रात्रीचे उड्डाण येते, केवळ उपकरणांवर नजर ठेवून केलेले उड्डाण येते, आणि तीनशे सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे 555 किलोमीटरचा, एक एकट्याने केलेला पल्लाही येतो. जोडीला मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, तांत्रिक ज्ञान या विषयांच्या परीक्षा व बिनतारी संभाषणाचा वेगळा परवाना. खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात सहज जातो, आणि मागावर चार पिढ्या घासलेल्या कुटुंबाने तेथवर हात पोहोचत नाही म्हणून विषयच सोडून द्यावा, यात नवल नाही.

परंतु त्याच आवारात दुसरा दरवाजा आहे, विमान देखभाल अभियंत्याचा, आणि त्याची फी पहिल्याच्या मानाने कितीतरी कमी. येथे 'बी-1' म्हणजे सांगाडा व इंजिन, आणि 'बी-2' म्हणजे विद्युत् व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, असे दोन मुख्य मार्ग आहेत. बांधणीच्या साहित्याच्या प्रकरणात मिश्रधातूंच्या बरोबरीने लाकडी रचना व कापडी आच्छादन हा भाग आजही अभ्यासावा लागतो. कार्यशाळेतील फळ्यावर प्रत्येक पान्याची, पक्कडीची बाह्याकृती रंगविलेली असते, आणि संध्याकाळी त्यातील एक जरी आकृती रिकामी दिसली तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान हलवायचे नाही असा शिरस्ता आहे. बोल्टच्या डोक्यातील छिद्रातून तार ओवून ती पिळतात, तीही अशा दिशेने की हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊ लागला तर तारेनेच त्याला आवळत्या बाजूस ओढून धरावे. सकाळी पंखाखालच्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून उजेडाकडे धरतात. इंधन निळसर, आणि पाणी शिरले असेल तर ते जड म्हणून तळाशी वेगळे दिसते. सेस्ना 152 या शिकाऊ विमानाच्या चार सिलिंडरांना आठ स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगी पुरविणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात, एक संच निकामी झाला तरी दुसऱ्यावर इंजिन चालावे म्हणून. आणि उड्डाणापूर्वी दोन्ही आळीपाळीने बंद करून पाहतात. हे सर्व झाल्यावर दप्तरी नोंद होऊन परवानाधारकाची सही पडते, तेव्हाच विमान सेवेस रुजू झाले असे मानतात.

भिवंडीतला जॉबर चालू मागाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड कोठे आहे ते ओळखतो. त्याचा मुलगा या विद्येकडे वळला तर कान आणि हात तो घरूनच घेऊन जाईल. नवे शिकावे लागेल ते लिहून ठेवणे. कारण मागावर दुरुस्ती झाली की काम संपले, विमानशाळेत ती कागदावर उतरेपर्यंत झालीच नाही.

एक सूचना मात्र व्यवहाराची म्हणून करतो. ठाणे-कल्याण पट्ट्यात 'एव्हिएशन' हा शब्द पाटीवर मिरविणाऱ्या शिकवण्या पुष्कळ झाल्या आहेत, आणि त्यांतील कित्येकांत विमानतळावरील स्वागतकक्षाचे किंवा हवाई सेविकेचे प्रमाणपत्र तेवढे मिळते. त्या नोकऱ्या हलक्या नव्हेत, पण अभियंत्याचा परवाना त्यातून निघत नाही. देखभालीच्या शिक्षणाला नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाची 'सीएआर-147' खाली मंजुरी लागते, उड्डाणाच्या शिक्षणाला वेगळी. दोन्ही याद्या महासंचालनालय प्रसिद्ध करते. तेव्हा पालकांनी फीचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी संस्थेचे नाव, मंजुरी कोणत्या शाखेची आहे आणि तिची मुदत केव्हा सरते, एवढे त्या यादीत स्वतः पाहावे, आणि जमल्यास कार्यशाळेत जाऊन तेथे खरोखरीचे इंजिन उघडून ठेवलेले आहे की भिंतीवर नुसता त्याचा तक्ता टांगला आहे, तेही पाहून यावे.