संगणकाच्या पोटांत संगणक

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी, आणि हल्लीं कित्येक पालकही, आम्हांस विचारतात कीं, लिनक्सवर चालणाऱ्या एका संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक नांदवावयाचा असल्यास कोणता प्रोग्रॅम घ्यावा? ह्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. आम्ही स्वतः एकदां चुकीची निवड करून चांगलेच फसलों आहों. म्हणून हा लेखनप्रपंच.

खऱ्या यंत्राची मेमरी, डिस्क व प्रोसेसर ह्यांचा कांहीं भाग तोडून देऊन त्यावर दुसरी स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम चालविणें, ह्यास व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. जागा देणारा तो यजमान, आंत राहणारा तो पाहुणा. आणि पाहुण्यास वाटतें कीं, सारें घर आपलेंच! ही युक्ति नवी नव्हे. आय.बी.एम. कंपनीनें १९७२ सालीं आपल्या मोठ्या यंत्रांकरितां ती विक्रीस काढली होती. लहान यंत्रांच्या प्रोसेसरांत मात्र तिची खास सोय इंटेल कंपनीनें २००५ सालीं व ए.एम.डी. कंपनीनें २००६ सालीं केली.

आतां आमची फजिती. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं गुणपत्रकांचें काम एका पाहुण्या संगणकावर ठेवलें. तो पडद्यावर एका खिडकींत दिसे, व इतर शिक्षक आपापल्या यंत्रांवरून त्यांत गुण भरीत. निकालाच्या आदल्या दिवशीं एका मुलानें, खिडकी उगीच उघडी राहिली आहे असें समजून, सद्हेतूनें ती बंद केली. पाहुण्याची वीजच तुटली, गुणांची फाइल अर्धवट लिहिली जाऊन बिघडली, आणि तीन वर्गांचे गुण आम्ही रात्रीं दिव्याखालीं पुनः भरीत बसलों. मुलाचा दोष नव्हता. अखंड चालावयाचें काम आम्हींच कोणाच्याही हाताखालीं येईल अशा जागीं ठेवलें होतें.

तेव्हां प्रथम हें पाहावें कीं, पाहुण्यासमोर कोणी बसणार आहे काय? बसणार असेल, म्हणजे लिनक्सवर राहून विंडोजमधील एखादा जुना प्रोग्रॅम चालवावयाचा असेल, तर डेस्कटॉपचा मार्ग बरा. व्हर्च्युअलबॉक्स हा त्यांतील प्रसिद्ध प्रोग्रॅम इनोटेक ह्या जर्मन कंपनीनें २००७ सालीं सर्वांस खुला केला. २०१० पासून तो ओरॅकलकडे आहे. फोल्डर वाटून घेणें, मजकूर इकडून तिकडे नेणें, सारें माउसनें साधतें. मात्र लिनक्सचें कर्नल बदललें कीं त्याचे मॉड्यूल नव्यानें बांधावे लागतात, आणि तें न जमल्यास पाहुणा उठत नाहीं. दुकानदार पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, मूळ प्रोग्रॅम मुक्त असला तरी त्याच्या एक्स्टेन्शन पॅकचा परवाना निराळा आहे. तो घरीं व शिक्षणाकरितां फुकट, धंद्याकरितां नव्हे.

समोर कोणीच बसणार नसेल, तर केव्हीएम घ्यावें. २००७ च्या फेब्रुवारींत निघालेल्या २.६.२० ह्या आवृत्तीपासून तें लिनक्सच्या कर्नलमध्येंच आहे. पाहुण्यास लागणाऱ्या उपकरणांचें सोंग क्यूईएमयू वठवितो, आणि लिबव्हर्ट सर्वांवर देखरेख ठेवतो. पाहुण्यास ‘ऑटोस्टार्ट’ सांगून ठेविलें म्हणजे वीज जाऊन आली तरी यंत्र सुरू होतांच, कोणी लॉगिन करण्यापूर्वीं, तो कामास लागतो. येथें बंद करावयास खिडकीच नाहीं. व्हर्ट-मॅनेजरमधून त्याचा पडदा पाहतां येतो. पण तो पडदा मिटला तरी पाहुणा चालूच राहतो. आमची गुणपत्रकें आतां येथेंच आहेत. सारें यंत्रच ह्या कामास देणें परवडत असेल, तर डेबियनवर आधारलेलें प्रॉक्समॉक्स उत्तम; त्याचा कारभार दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून चालतो.

केव्हीएमची खरी अडचण नेटवर्कची. आरंभीं पाहुणा यजमानाच्या आड असतो. बाहेरील यंत्रांस तो सांपडत नाहीं. त्याकरितां ब्रिज बांधावा लागतो, आणि वाय-फायवर तो बहुधा जमत नाहीं. म्हणून केबल ओढावी. दोन्ही प्रोग्रॅम एकाच वेळीं चालविण्याचा हट्टही धरूं नये. ते पुष्कळदां एकमेकांस प्रोसेसर देत नाहींत. आठ जीबी मेमरीच्या यंत्रांत पाहुण्यास चारांहून अधिक देऊं नये, नाहीं तर यजमानच उपाशी राहील. आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे: डिस्क गेली कीं दोन्ही जातात. आम्ही गुणांची प्रत रोज सायंकाळीं दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेतों.