आठ फूट बाय दहा फूट

स्मरणिकेच्या संपादकांनी ‘वैद्यक आणि मनःशांती’ या विषयावर लेख मागितला, तेव्हा मनःशांतीबद्दल अधिकारवाणीने लिहावे असे माझ्यापाशी फारसे काही नाही, हे मी त्यांना विनयाने कळविले. मात्र त्या शांतीसाठी बांधलेल्या एका खोलीविषयी मला पुष्कळ सांगता येईल. मनावरात ३८ वर्षे दवाखाना चालवून निवृत्त झाल्यावर, गंधवानीच्या दिशेला, जंगलाच्या हद्दीलगत असलेल्या आमच्या वडिलोपार्जित शेताच्या कडेला, ध्यानाला बसण्यापुरती एक कुटी बांधावी असे मी ठरविले. आकार आठ फूट बाय दहा फूट. वीज नाही, नळ नाही आणि सौभाग्यवतींच्या अटीनुसार कर्जही नाही.

पहिला आराखडा मी स्वतःच काढला. वर सिमेंटचा स्लॅब आणि जंगलाकडे तोंड करून भली मोठी काच. आमच्या मिस्त्रीने तो कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, “मे महिन्यात आत कोण बसणार, डाक्टरसाब?” निमाडातला मे म्हणजे पंचेचाळीस अंशांचा. कागद मी घडी घालून खिशात ठेवला.

त्यानंतर बाघची लेणी पुन्हा एकदा पाहून आलो. पाहुण्यांना आपण तेथे नेतो ते चित्रांसाठी. ती चित्रे भिंतींवरून काढून केव्हाच ग्वाल्हेरच्या संग्रहालयात गेली आहेत. या खेपेस मी पाहिल्या त्या भिक्षूंच्या खोल्या. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी खोदलेल्या, लहान, अंधाऱ्या, दाराखेरीज उघडीप नसलेल्या आणि भर उन्हात थंड. परंतु तेथील खडक ठिसूळ, वरून पाणी पाझरणारा. नऊ लेण्यांपैकी पाचच आज धड आहेत. दुसऱ्या लेण्यात माहिष्मतीच्या सुबंधु राजाचा ताम्रपट सापडला. त्यात विहाराला गाव दान दिल्याचा उल्लेख आहे, आणि त्या दानाच्या हेतूंपैकी एक चक्क मोडतोडीची दुरुस्ती हा आहे. कोरलेल्या खडकाला जर डागडुजी लागते, तर मातीच्या भिंतीची काय कथा!

सेवाग्रामची आपली पहिली झोपडी आसपासच्या साहित्यात आणि शंभर रुपयांच्या आत व्हावी, अशी अट गांधीजींनी १९३६ साली घातली होती. शंभर रुपये वगळून ती अट मी स्वतःला घालून घेतली. त्यावर, मनावर तालुक्यात आता सिमेंटचाच मोठा कारखाना असल्याने सिमेंट हेच स्थानिक साहित्य होय, असा युक्तिवाद चिरंजीवांनी पुण्याहून दूरध्वनीवर केला. तो खोडून काढणे मला अजून जमलेले नाही.

जागा निवडली ती मुरमाच्या उंचवट्यावर, एका महुव्याच्या सावलीत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतींनाही तडे देते. दोन फुटांचे दगडी जोते, त्यावर भुसा घालून मळलेल्या मातीची दीड फूट जाडीची भिंत. दुपारचे ऊन एवढी भिंत ओलांडून आत पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि तेव्हा दार उघडे ठेवता येते. छपराखालच्या बांबूंना वाळवी-भुंग्यापासून जपण्यासाठी टाकणखार आणि बोरिक ॲसिडचे पाणी दिले. बोरिक पावडर ही आम्हा डॉक्टरांची जुनी ओळखीची. ती बांबूलाही लागू पडते, हे मात्र मला मिस्त्रीने शिकविले. पावसात हे औषध धुऊन जाते, म्हणून पाणी लागणार नाही अशाच बांबूंना ते द्यावे.

एका बाबतीत माझी विद्या उपयोगी पडली. शांत बसलेला माणूस तासाला अठरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. माझ्या खोलीतली हवा सुमारे वीस हजार लिटर. सर्व बंद करून बसलो, तर तासाभरात त्या वायूचे प्रमाण दहा लाखांत चारशे भागांवरून तेराशे-चौदाशेवर जाणार. ध्यानात पेंग येते तिचा सगळा दोष आपण तमोगुणाला देतो. थोडा झरोक्यालाही द्यावा. म्हणून एक झरोका कमरेच्या उंचीला आणि दुसरा समोरच्या भिंतीत छपरालगत ठेवला. दोहोंना बारीक जाळी बसविली आणि जोत्याचे सांधे चुन्याने बुजविले. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही आणि म्हणूनच रुग्ण उशिरा येतो. असे रुग्ण पुष्कळ पाहिल्यामुळे, जमिनीलगत भोक असलेल्या खोलीत डोळे मिटून बसण्याइतका मी विरक्त झालेलो नाही.

राहिले छप्पर. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. आमच्या तालुक्यातल्या नर्मदाकाठच्या बुडितातील लोक त्याआधीपासूनच घरे उतरवून सागाचे खांब, वासे आणि कवेलू विकत होते. माझ्या जुन्या रुग्णांपैकी एका कुटुंबाकडून मी चार खांब आणि छपराला पुरतील एवढे कवेलू घेतले. एकही झाड न तोडता कुटी उभी राहिली, हे मी सर्वांना अभिमानाने सांगत असे. किमतीत घासाघीस केली नाही, याचेही मला तेव्हा कौतुक वाटले होते.

पुढच्या वर्षी त्या घरची आजीबाई नातवाबरोबर कुटी पाहायला आली. तिने बाहेरून एक फेरी मारली, आत आली आणि ओळखीच्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा उजवीकडच्या खांबावर हात ठेवला. तिथे पाळण्याच्या दोरीने पडलेली खाच होती. मी ती रोज पाहत होतो, पण ती कशाची हे मला ठाऊक नव्हते.

“इथे राहतं कोण?” तिने विचारले.

“कोणी नाही. मी सकाळी तासभर बसतो.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तासभरासाठी एवढे कवेलू?”

मजजवळ उत्तर नव्हते. तिनेच विषय बदलला आणि उत्तरेकडची एक ओळ चुकीची बसली आहे, पाणी आत येईल, असे दाखविले. पावसाळ्याआधी दरवर्षी कवेलू उतरवून फेरावे लागतात, नाहीतर खांब कुजतात, हेही बजावले. त्यानंतर कित्येक दिवस मी ओसरीतच बसत होतो.

आता दर ज्येष्ठात तिचे दोन नातू येतात आणि आम्ही तिघे मिळून कवेलू फेरतो. आजीबाई खाली खाटेवर बसून चुका काढते. गेल्या वर्षी पुष्कळ फुटले, आणि त्या मापाचे कवेलू आता सहजी मिळत नाहीत. म्हणून ओसरीवरचे काढून आतल्या छपराला लावले. ओसरीवर सध्या ताडाच्या झावळ्या आहेत.