मोरपिसातला निळा रंग येतो कुठून?

मुलांनो, घरात मोरपीस असेल तर आधी ते घेऊन या. पावसाळा सरत आला की मोर आपला लांब पिसारा गाळतो. त्या दिवसांत आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत धानाच्या बांधावर नाहीतर जंगलालगतच्या पांदीत एखादं पीस पडलेलं दिसतं. पिसाचा डोळा उन्हात धरून समोरून बघा. मधोमध गर्द जांभळट निळा, त्याभोवती झगझगीत निळा, मग तांबूस आणि बाहेर सोनेरी हिरवा. पीस जरा तिरकं केलं तरी छटा बदलते.

आता तेच पीस खिडकीसमोर धरा, म्हणजे उजेड पिसाच्या मागून येईल. निळा गेला ना? उरला तो मळकट तपकिरी! कारण त्या पिसात निळा रंग मुळी नाहीच. आहे ते फक्त मेलॅनिन, म्हणजे आपले केस ज्याच्यामुळे काळे दिसतात तेच द्रव्य.

मग निळा येतो कुठून? त्यासाठी पाण्याकडे जाऊ. आपल्याकडे गावोगावी मामा तलाव आहेत, धानाला पाणी देणारे जुने मालगुजारी तलाव. त्यात दोघांनी एकाच वेळी दोन खडे टाकले की दोन्हीकडची वर्तुळं एकमेकांतून आरपार जाताना दिसतात. नीट निरखायचं असेल तर घरीच परातीत पाणी घ्या, ती उन्हात ठेवा आणि दोन बोटांनी एका तालात पाण्यावर टकटक करा. बोटांपासून पंख्यासारख्या रेषा फाकतात. काही रेषांवर पाणी जोरात हलतं, काहींवर जवळपास शांत असतं. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्याला भेटला तर पाणी दुप्पट उचलतं. उंचवट्याला खळगा भेटला तर दोन्ही मिटतात. याला व्यतिकरण म्हणतात.

प्रकाशही असंच करतो का? इंग्लंडमधल्या थॉमस यंग नावाच्या डॉक्टरने हे तपासलं. खिडकीच्या झडपेला त्याने बारीक भोक पाडलं, आत आलेल्या उन्हाच्या तिरिपेत कागदाची अरुंद पट्टी उभी धरली आणि तिची सावली बघितली. पट्टीची रुंदी एक मिलिमीटरसुद्धा नव्हती. सावलीत उजेड-अंधाराचे पट्टे होते! मग त्याने पट्टीच्या एकाच बाजूने येणारा उजेड अडवला. सावलीतले पट्टे नाहीसे झाले. म्हणजे पट्टे एकट्यादुकट्या किरणाचे नव्हते, दोन्ही बाजूंचा उजेड एकत्र आला म्हणून ते पडले होते. उजेडात उजेड मिसळून अंधार! 1803 मध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीत सांगितलं. दोन फटींचा जो प्रयोग पुढे तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात येईल, तो त्याने 1807 च्या व्याख्यानांच्या ग्रंथात मांडला. मला विचाराल तर विज्ञानातल्या सगळ्यात देखण्या प्रयोगांपैकी हा एक.

मग असे पट्टे घरभर का दिसत नाहीत? प्रकाशाच्या लाटा फार बारीक असतात. लाल प्रकाशाच्या एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर सुमारे 650 नॅनोमीटर, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दोन फटींत पाव मिलिमीटर अंतर ठेवलं तर दोन मीटरवरच्या भिंतीवर लाल लेझरचे पट्टे साधारण 5 मिलिमीटर अंतराने पडतात. ते सहज दिसतात. फटी एक सेंटिमीटर दूर नेल्या तर हेच पट्टे इतके दाटतात की डोळ्याला वेगळे कळत नाहीत. म्हणून फटी अरुंद हव्यात आणि जवळ हव्यात. (हा प्रयोग शाळेत बाईंसोबत किंवा सरांसोबतच करा. लेझर कुणाच्याही डोळ्यांवर धरायचा नाही.)

आता पुन्हा पीस घ्या. त्याच्या बारीक केसांना आणखी बारीक फाटे असतात. 2003 मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ते फाटे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. आत मेलॅनिनच्या काड्यांची जाळी निघाली, अगदी मोजून-मापून रचल्यासारखी. काड्यांच्या एकामागच्या एक रांगांवरून प्रकाश परत फिरतो, लाटा एकमेकींना भेटतात. ज्या रंगाचे उंचवटे जुळतात तो रंग उठून दिसतो. निळ्या भागात काड्यांमधलं अंतर 140 नॅनोमीटर, हिरव्या भागात 150. फरक फक्त दहाचा, आणि निळ्याचा हिरवा! आपला एक केस हजारो नॅनोमीटर जाड असतो, यावरून विचार करा.

पांढरा मोर पांढरा का, हेही आता कळेल. त्याच्या पिसात मेलॅनिन नसतं, त्यामुळे काड्यांची जाळीही नसते.

रॉबर्ट हूक नावाच्या शास्त्रज्ञाने 1665 मध्येच लिहून ठेवलं होतं की मोरपीस पाण्याने भिजवलं की त्याचे रंग जातात. खरं का खोटं, ते तुम्हीच घरी करून बघा आणि वहीत लिहा. मात्र पीस आपसूक गळलेलंच हवं. ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे पडलेलं पीस तिथेच राहू द्या. आणि मोराला मारून किंवा उपटून आणलेलं पीस कुणी दिलं तर घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.