कायदा पाठ करायचा की समजून घ्यायचा?

बालमित्रांनो, न्हावा शेवा हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात १९८९ साली हे मोठं बंदर सुरू झालं. आज तिथे उंच क्रेन, कंटेनरचे ढीग आणि ट्रेलरच्या लांबच लांब रांगा दिसतात.

पण त्याआधी या भागात भातशेती होती, मिठागरं होती. बंदरासाठी आणि नवी मुंबईसाठी सरकारने जमिनी घेतल्या. कशाच्या आधारावर? १८९४ सालच्या, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या कायद्याच्या! योग्य मोबदल्यासाठी शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. या लढ्याचे नेते दि. बा. पाटील स्वतः वकील होते. लढ्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचं धोरण आलं.

बघा, कायदा नुसता जाड पुस्तकात बसत नाही. तो आपल्या बांधावर येतो. मग कॉलेजात कायदा शिकणाऱ्या दादा-ताईंना तो कसा शिकवावा? कलमं घोकून?

या प्रश्नावर एका थोर शिक्षकाने खूप विचार केला होता. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर! राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते प्राध्यापकही होते, हे किती जणांना ठाऊक आहे? मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात ते आधी अर्थशास्त्र शिकवत. दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही त्यांचं व्याख्यान ऐकायला येऊन बसत. पुढे १९२८ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवू लागले आणि १९३५ मध्ये तिथले प्राचार्य झाले. हे कॉलेज १८५५ सालचं!

जानेवारी १९३६ मध्ये त्यांनी कॉलेजच्या मासिकात कायद्याच्या शिक्षणात काय सुधारणा हवी, यावर लेख लिहिला. नुसता कायदा शिकून वकील तयार होत नाही, जोडीला इतर विषयही हवेत, असं त्यांचं मत होतं. पटतं ना? शेतकऱ्याचं पोट कशावर चालतं हे ज्याला कळत नाही, तो त्याची बाजू कोर्टात काय मांडणार?

आणि ते फक्त वर्गातच बोलले नाहीत. अलिबागजवळच्या चरी गावी शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षं चालला. १९३४ मध्ये बाबासाहेब तिथे गेले. १९३७ मध्ये, प्राचार्य असतानाच, कोकणातली खोती बंद करण्याचं विधेयक त्यांनी विधिमंडळात मांडलं. कायदा चुकीचा असेल तर तो बदलताही येतो, हा केवढा मोठा धडा!

आजही कायद्याचे चांगले प्राध्यापक थेट उत्तर सांगत नाहीत. ते एक खटला समोर ठेवतात आणि विचारतात, "काय घडलं? कोण बरोबर? का?" कॉलेजात लुटुपुटूचं कोर्टही भरतं. त्याला अभिरूप न्यायालय म्हणतात. कुणी वादीचा वकील होतो, कुणी प्रतिवादीचा. न पटणारी बाजूही कधी कधी मांडावी लागते. त्यामुळे समोरच्याचं म्हणणं नीट ऐकायची सवय लागते.

तुम्हीही करून पाहा. समजा, शाळेत नियम झाला, 'मैदानावर फक्त मोठ्या मुलांनी खेळायचं.' दोन गट करा. एकाने नियमाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरुद्ध. दहा मिनिटांनी बाजू बदला! मग सगळ्यांनी मिळून नियम नव्याने लिहा.

पालकांनो, मुलांनी "असं का?" विचारलं तर त्यांना गप्प करू नका. घरी सरकारी नोटीस आली किंवा घरभाड्याचा करार झाला, तर तो कागद मुलांसमोर मोठ्याने वाचा. उद्या त्यांनाही कागदांवर सह्या करायच्या आहेत. तेव्हा आधी वाचायचं, विचारायचं आणि मगच सही करायची, ही सवय त्यांना आत्तापासून लागू द्या!