शस्त्रक्रियेची तारीख आणि विडीचे बंडल

घाटकोपरचे राजावाडी असो की अंधेरीकरांना जवळ पडणारे जुहूचे कूपर असो, महापालिकेच्या इस्पितळात तातडीची नसलेली शस्त्रक्रिया ठरली म्हणजे रुग्णाच्या हाती प्रथम पडते ती तारीख. हर्निया, पित्ताशयातील खडे, झिजलेला गुडघा अशा व्याधींना तारखेची वाट पाहावीच लागते. रजेचा अर्ज, पैशाची जुळवाजुळव, गावाहून सोबतीला येणारा माणूस या खटपटीत ही मुदत निघून जाते. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र हाच काळ मोलाचा असतो. रुग्ण विडी-सिगारेट ओढणारा असेल, तर ती सोडण्यास याहून अनुकूल वेळ त्याच्या आयुष्यात क्वचितच येते.

याचे कारण समजण्यास वैद्यकाचे फार ज्ञान लागत नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाचे ठोके वाढतात. ज्या जखमेला भरून येण्यासाठी रक्त आणि प्राणवायू हवा, तिला दोन्ही अपुरे मिळतात. टाके पिकतात, हाड जुळण्यास विलंब लागतो. श्वासनलिकेतील कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस धुराने निकामी झालेले असल्याने भूल उतरल्यावर कफ छातीतच साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. यांतील काही हानी लवकर भरून निघते. कार्बन मोनॉक्साइडचे रक्तातील प्रमाण साधारणतः चार ते सहा तासांत निम्म्यावर येते, म्हणजे एका दिवसाच्या संयमालाही अर्थ आहे. फुप्फुसे आणि जखम भरण्याची शक्ती यांना मात्र काही आठवडे द्यावे लागतात.

या आठवड्यांची किंमत किती, याचा हिशेब डेन्मार्कमध्ये मांडला गेला. कोपनहेगनच्या तीन इस्पितळांत खुबा वा गुडघा बदलण्यासाठी आलेल्या 120 धूम्रपान करणाऱ्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला शस्त्रक्रियेच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून परिचारिकेचा सल्ला व निकोटीनची पर्यायी औषधे दिली. दुसऱ्याला नेहमीचीच वागणूक. 2002 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दुसऱ्या गटातील 52 टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली, पहिल्या गटात हे प्रमाण 18 टक्के होते. प्रयोग लहान होता हे खरे. परंतु पुढे 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही चार आठवडे आधी तंबाखू सोडण्याचा लाभ स्पष्ट शब्दांत सांगितला. एक जुना समज येथे आड येतो. शस्त्रक्रिया तोंडावर आली असता विडी सोडू नये, कफ उलट वाढतो, असे काही डॉक्टरही सांगत असत. अमेरिकेतील 1989 च्या एका अभ्यासातून ही शंका बळावली होती. 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा तिला पुरेसा आधार सापडला नाही.

मुंबईचा प्रश्न कोपनहेगनहून निराळा आहे. येथे धूर विडीचाही असतो. सिगारेटपेक्षा विडी सौम्य, असे मानणारे सुशिक्षितही आहेत. डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई शहरातील सुमारे एक लाख प्रौढांच्या पाहणीतून 2005 मध्ये हा भ्रम दूर केला: धूम्रपान न करणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांत 1.37 पट, तर विडी ओढणाऱ्यांत 1.64 पट आढळला. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के, तर तंबाखू चघळणारे, मशेरी लावणारे असे धूरविरहित सेवन करणारे 24.4 टक्के होते. तेव्हा भूलतज्ज्ञाने ‘विडी-सिगारेट ओढता का?’ एवढेच विचारले, तर तंबाखूची पुडी खिशात असलेला गिरणीचा निवृत्त कामगार प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावणाऱ्या मुलुंडच्या आजीबाईंना तर आपल्याला काही व्यसन आहे हेच ठाऊक नसते. प्रश्न बदलला पाहिजे, आणि तो शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, तारीख देतानाच विचारला पाहिजे.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असा घोटाळा आहे. समुपदेशकाचा पगार अंदाजपत्रकात ठळक दिसतो. त्याच्यामुळे वाचलेले खाटेचे दिवस कोणत्याच खात्यात जमा होत नाहीत. जखम पिकलेला एक रुग्ण आठवडाभर अधिक राहिला, की रांगेतील पुढच्याची तारीख सरकते आणि त्याची मजुरी बुडते. ही किंमत कोणी मोजत नाही म्हणून ती नसते असे नव्हे. आणि खर्च तरी केवढा? निकोटीनची पर्यायी औषधे 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आली आहेत. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी 1800-11-2356 ही विनामूल्य दूरध्वनी सेवा 2016 मध्ये सुरू झाली. बेस्टने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम राबविला, म्हणजे असे काम या शहरात जमते हेही दिसले आहे.

नुसत्या उपदेशाने विडी सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे. सुटी विडी-सिगारेट विकण्यास राज्य शासनाने सप्टेंबर 2020 मध्ये बंदी घातली. बोरिवली काय, अंधेरी काय, स्थानकाबाहेरच्या टपरीवर तिचा प्रभाव किती हे रोजच्या प्रवाशाला सांगावे लागत नाही. 2025 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने तर विडीवरील कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. विडी वळणाऱ्या कामगारांचा कैवार त्यामागे असेलही, पण ओढणाऱ्याच्या वाट्याला त्याचा अर्थ एवढाच, की घातक वस्तू स्वस्त होण्यास वाव मिळाला. अशा वातावरणात एकट्या रुग्णाच्या मनोनिग्रहावर भिस्त ठेवणे अन्यायाचे होईल. आठवड्यातून एकदा परिचारिकेने दूरध्वनीवर विचारपूस करणे, पत्नीला वा मुलाला बरोबर बोलावून समजावणे, अपयश आल्यास न रागावता पुन्हा प्रारंभ करविणे, या साध्या गोष्टी अधिक उपयोगी पडतात.

शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात काही दिवस धूम्रपान बंदच असते. इच्छा नसतानाही रुग्णाने अवघड टप्पा ओलांडलेला असतो. पण घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर गोळ्यांच्या वेळा आणि टाके काढण्याचा दिवस असतो, तंबाखूचा उल्लेख बहुधा नसतो. टाके काढायला तो येईल, तेव्हा पट्टी बदलणाऱ्या परिचारिकेने विडीची चौकशी करावी, एवढी एक ओळ त्या कागदावर छापून घेण्यास महापालिकेला नवा ठराव करावा लागणार नाही.