गर्भवासाची मुदत

मनुष्याच्या गर्भवासाची मुदत नऊ महिने नऊ दिवस, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजण्याचा डॉक्टरांचा प्रघात त्याच्याशी बहुतांशी जुळतो. परंतु गोठ्यातील गायदेखील फळल्यापासून सुमारे 280 दिवसांनीच विते, आणि तिचे वासरू तासाभरात स्वतःच्या पायांवर उभे राहून आचळ शोधू लागते, तर जवळजवळ तितकेच दिवस उदरात काढलेल्या आपल्या अर्भकाला पाऊल टाकावयास वर्ष लागते, हे पाहिल्यावर दिवसांच्या या हिशेबाचा अर्थ काय, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

देह मोठा तर मुदत मोठी, हा नियम ढोबळ मानाने खरा आहे. उंदराची मादी तीन आठवड्यांत, शेळी पाच महिन्यांत, म्हैस दहा महिने उलटल्यावर आणि हत्तीण वीस-बावीस महिन्यांनी प्रसवते. मात्र पृथ्वीवरील सर्वांत प्रचंड प्राणी जो निळा देवमासा, त्याच्या मादीला वर्षभराचा काळ पुरतो. पाळीव सशाची पिले सुमारे 31 दिवसांनी आंधळी आणि उघडी जन्मतात, रानसशाची मात्र सहा आठवडे गर्भात राहून, डोळे उघडे व अंगावर केस घेऊन येतात; कारण पहिली बिळाच्या आश्रयाला जन्मतात व दुसरी उघड्या रानात. लाल कांगारूची मादी तर 33 दिवसांतच एक ग्रॅमहूनही हलके पिलू बाहेर टाकते आणि उरलेली वाढ पोटावरच्या पिशवीत पुरी करते.

स्विस प्राणिशास्त्रज्ञ आडोल्फ पोर्टमान यांचे प्रतिपादन असे, की इतर उन्नत सस्तन प्राण्यांइतक्या सिद्धतेने जन्मावयाचे तर मानवी अर्भकास सुमारे 21 महिने गर्भात राहावे लागले असते. ताठ चालण्यासाठी घडलेला श्रोणिमार्ग आणि अर्भकाचे मोठे मस्तक यांचा मेळ बसत नाही म्हणून जन्म लवकर होतो, असे काहींचे मत. मातेच्या शरीराची पोषणशक्तीच त्या सुमारास परमावधीस पोहोचते, असे इतरांचे.

तथापि मला सर्वांत विलक्षण वाटतात ते आरंभीचे दिवस. फलित बीज सहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागते. बाविसाव्या दिवसाच्या आसपास, गर्भ दोन-तीन मिलिमीटरांचा असतानाच, हृदय स्पंदू लागते. आणि ज्या नळीपासून पुढे मेंदू व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू बनावयाचा, ती अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. आठ आठवड्यांत, सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या त्या देहात, बहुतेक प्रमुख इंद्रियांची मांडणी होऊन गेलेली असते. पुढील मुदत मुख्यतः वाढीची व परिपक्वतेची, आणि फुप्फुसे तर अगदी शेवटी तयार होतात, म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बालकाची पहिली झुंज श्वासासाठी असते.

आपण डोहाळजेवणाचा थाट सातव्या महिन्यात मांडतो, तो अवश्य मांडावा. पण मज्जानळी मिटते तेव्हा दिवस गेल्याची वार्ता पुष्कळदा खुद्द मातेलाही नसते. फॉलिक आम्लाच्या अभावाने ती नळी उघडी राहण्याचा धोका वाढतो. तेव्हा अपत्याची इच्छा धरणाऱ्या प्रत्येक स्त्रीने गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना, डॉक्टरांच्या सल्ल्याने, रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेण्यास प्रारंभ करावा, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी ती गोळी तिला आठवणीने द्यावी.