मृदेत पाणी जिरणे : हिरवळ व स्थानिक वनस्पती

पावसाचे वा सिंचनाचे पाणी भूपृष्ठावरून मृदेत शिरण्याच्या क्रियेस पाणी जिरणे म्हणतात. एकात एक ठोकलेल्या दोन धातूच्या कड्यांत पाणी भरून आतील कड्यातील पातळी ठराविक वेळात किती उतरते, त्यावरून जिरण्याचा वेग काढतात. कोरड्या मृदेत तो प्रारंभी अधिक असतो व मृदा भिजत गेल्यावर घटून जवळजवळ स्थिर होतो. हा स्थिर वेग वालुकामय मृदेत ताशी ३० मिमी.हून अधिक, तर चिकण मृदेत ताशी १ ते ५ मिमी. इतकाच असतो. पावसाचा जोर या वेगाहून वाढला, की उरलेले पाणी उतारावरून वाहून जाते.

पुणे जिल्ह्यातील नसरापूर परिसरात (भोर व वेल्हे भाग) या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. येथील बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो व पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या माथ्याकडे, त्याचे मान झपाट्याने वाढते. तरीही डोंगराळ गावांना उन्हाळ्यात पाणीटंचाई जाणवते. खाली बेसाल्ट खडक असल्याने पाणी मुख्यत्वे मुरुमात व खडकाच्या भेगांत साठते. तेथवर ते पोहोचण्यासाठी आधी वरच्या मातीच्या थरातून उतरावे लागते.

कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवते आणि करवंदासारखी झुडपे यांची जुनी मुळे कुजून मातीत उभ्या नळ्या राहतात. वाळवी व गांडुळे त्यांत भर घालतात. पालापाचोळ्यामुळे थेंबांचा मारा मातीवर थेट बसत नाही व तिची रंध्रे बुजत नाहीत. नसरापूरजवळील बनेश्वराची राई किंवा माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अभ्यासलेल्या सह्याद्रीतील देवराया यांत असे आच्छादन पाहावयास मिळते.

शोभेच्या हिरवळीची गोष्ट निराळी. बांधकामाच्या यंत्रांनी दबलेल्या जमिनीवर आणलेल्या मातीचा पातळ थर पसरून, त्यावर रूळ फिरवून गवत लावतात. वारंवार कापणीमुळे मुळे उथळ राहतात, तर पायदळीने माती आणखी घट्ट होते. वरचा थर भिजला, की खालच्या दबलेल्या थरावर पाणी अडते. मात्र दोष गवताच्या जातीचा नव्हे. हिरवळीसाठी लावली जाणारी हरळी येथीलच असून मोकळ्या जमिनीत तिची मुळे बरीच खोल जातात. उलट अतिचराईने व दरवर्षीच्या वणव्याने उघडा पडलेला डोंगरउतार स्थानिक गवताचा असूनही राखलेल्या हिरवळीपेक्षा कमी पाणी जिरवू शकतो. उघड्या जमिनीच्या तुलनेत हिरवळ केव्हाही बरी. तिच्यातील दबलेली माती सळईने टोचून मोकळी केल्यास व कापणी उंच ठेवल्यास तिची जिरवणक्षमता सुधारते.

जिरलेले सर्व पाणी भूजलास मिळते असे नाही. खोल मुळांच्या वनस्पती त्यातील बराच भाग बाष्पोच्छ्वासाने परत हवेत सोडतात. त्यामुळे दाट राईखालील विहिरीस पाणी अधिक असेलच, असे केवळ जिरण्याच्या वेगावरून सांगता येत नाही. खडकाचे विदारण व भेगांची दिशाही पाहावी लागते.